नखाएवढा प्ले

गाडी घेतल्या दिवशीच जी गोष्ट खटकली ती कुणाला सांगावी इतकी मोठी नव्हती. इंजिन गोड, टायर बरे, चेन नवीन, कागदपत्रं क्लिअर, आधीच्या मालकाने जीव लावून वापरलेली जपानी व्ही-ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरची मोटरसायकल, हजारच्या आसपास सीसी, ठाण्याहून पुण्यापर्यंत चालवत आणली तर कुठे हूं का चूं नाही. फक्त क्लच फार खाली पकडत होता. म्हणजे लिव्हर पूर्ण दाबून पहिला टाकला आणि सोडायला सुरुवात केली की बोटं ग्रिपपासून जेमतेम उचलली जातायत तोवर गाडी निघालीच, आणि त्याच्यापुढचा सगळा लिव्हरचा प्रवास नुसता रिकामा, जिना संपलाय हे न कळून अंधारात आणखी एक पायरी शोधावी तसा. सिग्नलला पूर्ण दाबून धरला तरी गाडी किंचित पुढे ओढ घ्यायची आणि न्यूट्रल काही केल्या सापडायचं नाही. पहिला-दुसरा-पहिला-दुसरा करत बसायचं, आणि गाडीचा हिरवा दिवा लागायच्या आधी सिग्नलचा लागायचा.

हेच वायरच्या क्लचला असतं तर दोन मिनिटांचं काम होतं, आणि ते काम मला वयाच्या दहाव्या वर्षापासून येतं. कोल्हापुरात आमच्याकडे बाबांची येझदी होती. येझदीचा किकचा आणि गिअरचा दांडा एकच, आणि गिअर टाकताना तो दांडा दाबला की आतल्या आत क्लच आपोआप सुटायचा, त्यामुळे बाबा चालत्या गाडीवर डाव्या हाताने क्लच क्वचितच दाबायचे, पण ॲडजस्ट मात्र दर रविवारी करायचे. गणिताचे मास्तर, त्यामुळे अंदाजपंचे काही नाही. वायरच्या तोंडाशी कागदाचं नरसाळं बांधून तेल सोडायचं, ते खालून टिपकायला लागेपर्यंत चहा प्यायचा, मग हँडलवरची चक्री फिरवायची आणि प्ले, म्हणजे लिव्हरचा सुरुवातीचा मोकळा ढिलेपणा, बघायला खिशातून रुपयाचं नाणं काढून लिव्हर आणि होल्डरच्या फटीत सरकवायचं. नाणं गेलं पाहिजे आणि डगमगलं नाही पाहिजे. मी एकदा विचारलं होतं की हा ढिलेपणा ठेवायचाच कशाला, तर म्हणाले, प्ले नसला तर क्लच कायम थोडा दाबलेलाच राहतो आणि प्लेटा जळतात. मी मान डोलावली आणि पुढची तीस वर्षं हे वाक्य डोक्यात कुठेतरी पडून राहिलं, वेळेवर काही आठवलं नाही.

नवीन गाडीला वायरच नव्हती. हायड्रॉलिक क्लच. आपल्याकडच्या रोजच्या गाड्यांना हा प्रकार फारसा नसतो, हायाबुसासारख्या मोठ्या गाड्यांना असतो, आणि मी आयुष्यात पहिल्यांदाच हाताळत होतो. तत्त्व शाळेतलंच, पास्कलचं, बंद द्रवावर एकीकडे दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो. हँडलवर एक छोटी तेलाची डबी, तिच्या पोटात मास्टर सिलिंडर, लिव्हर दाबली की एक पुशरॉड आतला पिस्टन ढकलते, तेल नळीतून खाली इंजिनजवळच्या स्लेव्ह सिलिंडरमध्ये जातं, तिथला पिस्टन क्लचच्या प्लेटा एकमेकींवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट उचलतो आणि क्लच सुटतो. हिशोबाला सोपे आकडे घ्यायचे तर समजा वरचा पिस्टन १४ मिलिमीटरचा आणि खालचा ३५ चा. क्षेत्रफळात सव्वासहा पटीचा फरक, म्हणजे वरच्यापेक्षा खाली सव्वासहा पट जोर, आणि त्याची किंमत म्हणजे वरचा पिस्टन १० मिलिमीटर सरकला तर खालचा फक्त १.६ सरकणार. आता हे १.६ मिलिमीटर क्लचच्या सगळ्या प्लेटांमध्ये वाटून घ्यायचे. घर्षणाच्या आठ प्लेटा धरल्या तर सोळा फटी, एका फटीच्या वाट्याला मिलिमीटरचा दहावा भाग. वर्तमानपत्राच्या एका कागदापेक्षा थोडीशीच जास्त जागा! एवढ्याशा जागेत गाडी सुटते आणि पकडते, आणि आपण डाव्या हाताच्या दोन बोटांनी ते ओळखतो. मला हे कळलं तेव्हा रात्रीचे बारा वाजले होते आणि बायकोला उठवून सांगावंसं वाटलं होतं. सांगितलं नाही.

तर मी चक्री शोधायला लागलो आणि चक्री नव्हतीच. लिव्हरवर १ ते ४ आकड्यांचं एक डायल होतं, पण ते लिव्हर ग्रिपपासून जवळ-लांब करायला, बोटांच्या मापासाठी. १ वर ठेवलं की लिव्हर लांब जाते आणि क्लचही ग्रिपपासून लांब पकडतो, पहिल्यांदा वाटलं जमलं की, पण माझी बोटं आखूड, पूर्ण लांब ठेवलेल्या लिव्हरपर्यंत पोचायला पंजा ताणावा लागायचा आणि कर्वे रोडवरून ऑफिसला जाईस्तोवर अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागायचा. बाकी कुठे स्क्रू नाही, नट नाही. मॅन्युअल उघडलं तर त्यात शांतपणे लिहिलेलं, की या क्लचला ॲडजस्टमेंटची गरज नाही. प्लेटा झिजत जातात तसा खालचा पिस्टन आपोआप मागे सरकून बसतो आणि जास्तीचं तेल वर डबीत परत येतं. गंमत बघा, ब्रेकचे पॅड झिजले की डबीतलं तेल खाली जातं आणि क्लचच्या प्लेटा झिजल्या की वर येतं. म्हणून क्लचची डबी काठोकाठ भरायची नसते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी पहिल्याच आठवड्यात भरून ठेवली होती.

सगळ्यांचं एकच मत पडलं, एअर असणार. तेल दाबलं जात नाही पण हवा दाबली जाते, लाइनमध्ये हवेचा बुडबुडा असला की लिव्हरचा अर्धा प्रवास त्या बुडबुड्याला चेपण्यातच जातो. मग एका रविवारी पार्किंगमध्ये बसलो एअर काढायला. टाकीवर जुनी चादर, त्यावर प्लास्टिक, शेजारी पाण्याची बादली, कारण क्लचच्या डबीतही ब्रेकचंच तेल असतं आणि ते रंगाचा वैरी, एक थेंब टाकीवर पडून राहिला तर रंग फुगून निघतो, पण पाण्यात लगेच विरघळतं त्यामुळे वेळेत धुतलं तर वाचतो. डबीच्या झाकणाचे दोन स्क्रू. इथे पहिली फजिती. ते दिसतात साध्या चौफुलीसारखे, पण जपानी गाड्यांचे हे स्क्रू वेगळ्या मापाचे असतात, आपला नेहमीचा स्टार स्क्रूड्रायव्हर त्यात पूर्ण तळापर्यंत बसत नाही आणि जोर लावला की वर चढून डोकं खातो. एकाचं खाल्लंच. शेवटी पक्कडीने धरून काढला, ती खूण अजून आहे.

आतलं तेल बघून मात्र लाज वाटली. डॉट ४, म्हणजे हेच ब्रेकचं तेल, नवीन असतं तेव्हा फिक्कं पिवळं, मधाच्या पाण्यासारखं असतं, हे म्हणजे टपरीवर दिवसभर उकळलेला चहा. हे तेल हवेतलं पाणी शोषतं, तो त्याचा स्वभावच आहे, कोरडं असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही आणि पाणी मुरलेलं असलं की तोच आकडा १५५ वर येतो, म्हणून दोन वर्षांनी बदलायचं. आधीच्या मालकाने गाडीवर जीव लावला पण डबी काही उघडली नव्हती. मग सुरू झालं ते नेहमीचं, लिव्हर तीन-चारदा दाबायची, दाबून धरायची, खाली स्लेव्ह सिलिंडरवरचं हवा काढायचं निपल ८ च्या रिंग पान्याने पाव आटा सोडायचं, नळीतून काळं तेल बाटलीत, निपल बंद, मगच लिव्हर सोडायची. एकट्याने करायचं तर माणसाला तीन हात लागतात. मुलीला बोलावलं, ती लिव्हरवर, मी खाली जमिनीवर, “दाब”, “धर”, “सोड”, “अगं आत्ता नको सोडूस”, असं तासभर. पारदर्शक नळीतून सुरुवातीला बारीक बारीक बुडबुडे आले, मग बंद झाले, मग स्वच्छ पिवळं तेल यायला लागलं. रात्रभर लिव्हर ग्रिपला जुन्या ट्यूबच्या रबराने आवळून ठेवली, ही युक्ती जुनी आहे, उरलेसुरले बुडबुडे वर गोळा होतात आणि सकाळी लिव्हर सोडली की डबीतून निघून जातात म्हणे.

सकाळी लिव्हर कडक झाली होती, दाबताना जो गिळगिळीतपणा होता तो गेला, पण क्लच पकडायचा तिथेच. ग्रिपजवळ.

इथे मी थांबून विचार करायला हवा होता. हवा नाही, तेल नवीन, तरी प्रवास कुठेतरी हरवतोय, तर मग कुठे हरवतोय? पण मी विचार न करता खरेदी केली. ऑनलाइन एक लिव्हर मिळाली, सीएनसी कटिंगची, आखूड, काळ्या रंगाची, सहा पोझिशनचं लाल डायल, आणि मुख्य म्हणजे तिच्यासोबत आट्यांची पुशरॉड, नट सैल करून लांब-आखूड करता येणारी. चक्री! इतके दिवस शोधत होतो ती चक्री. बसवली, आणि पुशरॉड लांब करत करत गेलो, दर वळशाला क्लच थोडा वर पकडायला लागला, मग लिव्हरला जो किंचित मोकळा हलण्याचा भाग होता तोही मला आवडेना, स्वस्त वाटत होता, सैल खिळ्यासारखा, तोसुद्धा काढून टाकला. लिव्हरला बोट लावलं की ताबडतोब तेलाचा विरोध. एकदम टाइट. नट आवळला आणि चक्कर मारून आलो तर काय सांगू, लिव्हर अर्धी सोडली की बरोब्बर मधोमध पकड, न्यूट्रल पहिल्या प्रयत्नात, आणि हायड्रॉलिकवाले लोक ज्या लोण्यासारख्या फीलबद्दल बोलतात तो हाच असं वाटलं. तीन आठवडे मी भेटेल त्याला लिव्हर दाबून दाखवत होतो. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलो की क्लच आणखीनच वर पकडायचा, अगदी लिव्हर सुटता सुटता, आणि मी मूर्खासारखा खूश व्हायचो की बघा, गाडी तापली की अजून छान होतो.

गणपतीच्या दोन दिवस आधी कोल्हापूरला निघालो. डिकीत मखराच्या लाइटच्या माळा आणि आईने सांगितलेलं बारीकसारीक सामान. कात्रजचा बोगदा, शिरवळ, सगळं मजेत. पुण्याकडून जाताना तेव्हा खंबाटकीचा घाट चढावा लागायचा, बोगदा होता तो येणाऱ्यांसाठी. घाटात सणाची गर्दी, ट्रकामागे एसटी, एसटीमागे आम्ही. एका वळणानंतर जागा दिसली, तिसऱ्यात होतो, थ्रॉटल उघडला. आवाज वाढला. काटा चार हजारावरून सरळ साडेसहावर गेला आणि गाडी? गाडी जिथल्या तिथे, पन्नासच्या वेगाने, जणू इंजिनाचा आणि मागच्या चाकाचा काही संबंधच नाही. मागून ट्रकने हॉर्न दिला. थ्रॉटल सोडला, क्लचने पुन्हा पकड धरली. पुन्हा दिला, पुन्हा सरकली. क्लच स्लिप होत होता आणि भाजल्याचा वास हेल्मेटमध्ये यायला लागला होता.

कसाबसा वर पोचलो आणि चहाच्या टपरीपाशी गाडी लावली. पोटात गोळा. प्लेटा गेल्या हे उघड होतं, किंवा तेल चुकीचं पडलं असेल, बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो म्हणून डब्यावर जासो एमए, म्हणजे अशा ओल्या क्लचला चालणारं, असं लिहिलेलंच तेल घालायचं असतं, कारचं घातलं तर प्लेटा घसरू शकतात, पण मी तर बरोबर घातलं होतं, डबा डोळ्यासमोर होता. दोन चहा, एक भजी प्लेट, अर्धा-पाऊण तास. निघालो तर गाडी एकदम ठणठणीत! थ्रॉटल दिला की झेप. वाटलं भास झाला. वीसेक मिनिटांनी सुरूरच्या पुढे परत तेच. मग साताऱ्याला थांबलो, कराडला थांबलो, किणी टोलनाक्याच्या पुढे एका झाडाखाली थांबलो, थंड झाली की बरी, तापली की गेली. एकदा थांबल्यावर सहज लिव्हरला बोट लावलं तर दगड. जरासुद्धा मोकळी हलत नव्हती. मला ते दिसलं, हाताला लागलं, आणि तरीही त्याचा अर्थ लागला नाही. पाच तासांच्या रस्त्याला आठ तास लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवाजी उद्यमनगरात गेलो. कोल्हापूरचा माणूस वस्तू बिघडली की पहिल्यांदा उद्यमनगरात जातो, मग कंपनीकडे. लेथचा आवाज, कटिंग ऑइलचा वास, दारात लोखंडाच्या कुरळ्या चुरीचे ढीग. येझदी ज्यांच्याकडे असायची ते मिस्त्रीमामा आता सत्तरीला आलेत, मुलगा बघतो गॅरेज, ते खुर्चीवर बसून फक्त कान देतात. हायड्रॉलिक क्लच त्यांनी फार हाताळले असतील असं मला वाटलं नव्हतं. मी सगळी कथा सांगितली, प्लेटा गेल्या असं निदानही सांगून टाकलं.

“प्लेटा गेल्या आस्त्या तर थंड झाल्यावर बरी झाली नस्ती,” म्हणाले. “झाकण काढ.”

स्क्रू मी काढला, योग्य ड्रायव्हरने या वेळी. त्यांनी माझ्या मोबाइलचा टॉर्च डबीत मारायला सांगितला आणि लिव्हर हळूच दाबली. पुन्हा दाबली. तेल स्तब्ध. “बघ, काय बी हलंना.” मग माझी नवीन लिव्हर काढायला लावली, पुशरॉडचा नट सोडून दीड-दोन आटे आखूड केली, परत बसवली आणि म्हणाले आता बघ. लिव्हर दाबताक्षणी डबीच्या तळातून तेलाची एक बारीक उकळी वर आली, नळाखाली बुडवलेल्या तांब्यातून येते तशी, ज्वारीच्या दाण्याएवढी, आणि विरली. सोडली, दाबली, परत उकळी.

डबीच्या तळाला दोन भोकं असतात. एक मोठं, आणि त्याच्या पुढे एक सुईच्या टोकाएवढं. लिव्हर पूर्ण सुटलेली असताना पिस्टनचं रबर या बारीक भोकाच्या मागे असतं, म्हणजे खालची लाइन आणि वरची डबी यांच्यात वाट उघडी. लिव्हर दाबली की रबर भोकाच्या पुढे जातं, वाट बंद, आणि मग कुठे दाब तयार होतो. ती उकळी म्हणजे भोक बंद होण्याआधी वर निसटलेला थेंब. मी पुशरॉड इतकी लांब केली होती की लिव्हर सोडलेली असतानाही रबर भोकाच्या पुढेच बसलेलं. वाट कायमची बंद. आता खालचा स्लेव्ह सिलिंडर असतो इंजिनाला चिकटून, तिथलं तेल तापलं की फुगतं, फुगलेल्या तेलाला वर जायला रस्ता नाही, मग ते पिस्टनलाच ढकलतं, प्रेशर प्लेट थोडी उचलली जाते, आणि मी लिव्हरला हातही न लावता क्लच अर्धा दाबलेला. गाडी तापली की क्लच अजून छान होतो, म्हणत होतो ना मी? तो छान होत नव्हता, सुटत होता. घाटात कुणी खालचं निपल पाव आटा सोडलं असतं तर पिचकारी उडून क्लच तिथल्या तिथे बरा झाला असता.

“सरांचा पोरगा तू,” मामा म्हणाले, “आणि प्ले न्हाय ठेवला?”

काही बोलण्यासारखं नव्हतं.

पण मूळ दुखणं राहिलंच होतं ना, क्लच खाली का पकडत होता? जुनी लिव्हर मी पिशवीत घालून आणली होती, का ते माहीत नाही, टाकवत नाही म्हणून असेल. मामांनी ती हातात घेतली आणि लिव्हरच्या पोटातून बोटाने एक पितळी बुश बाहेर ढकलला, करंगळीच्या टोकाएवढा. पुशरॉडचं टोक या बुशच्या खळग्यात बसतं आणि लिव्हर दाबताना बुश गोल फिरतो. खळगा गोल असायला हवा, तो झाला होता चिंचोक्यासारखा, आणि तळाला घासून घासून खोल गेलेला, चकचकीत. आतलं जुनं ग्रीस सुकून काळं, त्यात रस्त्याची धूळ मिसळून अगदी पॉलिश पेपर तयार झालेला. व्हर्निअरने मोजलं तर न झिजलेल्या कडेपेक्षा १.२ मिलिमीटर खोल. हे १.२ मिलिमीटर पुशरॉडपाशी आहेत, लिव्हरच्या टोकाशी, जिथे आपली बोटं असतात तिथे, ते साधारण सहा पट होतात. सात मिलिमीटर. मी दोन महिने जे शोधत होतो ते एवढंच होतं, आणि खाली क्लचला दहाव्या भागाचे हिशोब असताना वर असा सरळ सव्वा मिलिमीटर गिळला जात होता, गाडी ओढ घेणार नाही तर काय करणार.

बुश कंपनीकडून मागवायचा तर बाहेरून येणार, गणपती उठून गेले असते. मामांनी शेजारच्या लेथवाल्याकडे पाठवलं. त्याने जुना बुश बोटांत फिरवून बघितला, पितळ कशाला, गनमेटलचा करतो म्हणाला, जास्त टिकतो, आणि रॉडचा तुकडा चकमध्ये आवळला. मी शेजारी उभा. पिवळसर तांबूस चुरी निघत होती, नख कापल्यासारखी बारीक. त्याने खळग्यासाठी ड्रिल लावलं, थांबला, पुशरॉडचं टोक मागितलं, ते भिंगासारखं गोल आहे हे बघून ड्रिलचं टोक ग्राइंडरवर तसं गोल घासलं आणि मग भोक पाडलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पंधरा मिनिटं लागली, पैसे घ्यायला तयार नव्हता, सण आहे म्हणाला, बळेच खिशात घातले.

बसवताना बुशला आणि पुशरॉडच्या टोकाला सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं नाही लावायचं, पेट्रोलियमवालं ग्रीस आतल्या रबरापर्यंत गेलं तर रबर फुगतं, आणि मग पिस्टन अडकला की परत तीच रामकहाणी. लिव्हर कंपनीचीच, काळी सीएनसी पिशवीत. क्लच आता मधोमध पकडतो, त्या तीन आठवड्यांतल्या पकडीपेक्षा किंचित खाली, आणि दाबायला सुरुवात करताना अगदी थोडा मोकळा भाग आहे, जो मला आधी सैल खिळ्यासारखा वाटायचा.

फीलबद्दल लोक बरंच काही सांगतात. कुणी म्हणतं स्टीलच्या जाळीची नळी टाक. ब्रेकला टाका, जरूर टाका, क्लचला मला तरी फरक कळलेला नाही, दिसायला छान दिसते. कुणी म्हणतं जड वाटतो तर मास्टर सिलिंडर लहान बोअरचा टाक, १४ च्या जागी १२.७ चा. हे खरं आहे, हाताला अठराएक टक्के हलका लागेल, पण तेवढाच खालचा प्रवास कमी होणार, १.६ चे १.३ राहणार, आणि सिग्नलला न्यूट्रल शोधत बसाल. यात फुकट काही मिळत नाही. आणि खरं सांगायचं तर हल्ली हायड्रॉलिकचं कौतुकही तितकं उरलेलं नाही, रॉयल एनफिल्डच्या ६५० आल्या तेव्हा त्यात वायरचाच क्लच होता पण स्लिप-असिस्ट, म्हणजे आतल्या उतरत्या खाचांमुळे इंजिनाचा जोरच प्लेटांना एकमेकांवर आवळतो, त्यामुळे स्प्रिंगा नरम चालतात आणि लिव्हर दोन बोटांनी दबते. ज्यांनी जुनी बुलेट दाबलीय त्यांना ती गाडी दाबून बघताना हसू येतं. मला जे शेवटी सगळ्यात उपयोगी पडलं ते अगदीच फुकटातलं होतं. मास्टर सिलिंडरचा क्लॅम्प सैल करून लिव्हर थोडी खाली फिरवली, बसल्यावर कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेष येईल इतकी, आणि डायल ३ वर. आधी लिव्हर फार वर होती, मनगट मागे मोडून दाबत होतो. अंगठ्याचा ठणका त्या आठवड्यात गेला, ज्यासाठी मी फिजिओकडे जाऊन आलो होतो.

संध्याकाळी घरी गाडी लावली तेव्हा बाबा ओट्यावर बसले होते. चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात, पण गाडी आली की उठतातच. मामांचा फोन येऊन गेला होता बहुतेक, कारण काहीच विचारलं नाही, सरळ डाव्या बाजूला आले, लिव्हर दोनदा दाबून बघितली आणि खिशातून एक रुपयाचं नाणं काढलं. हल्लीचं, छोटं. लिव्हर आणि होल्डरच्या फटीत घालायला गेले. जाईना. चष्मा वर करून बघितलं, कड तिरकी करून बघितलं. मग नाणं खिशात ठेवून अंगठ्याचं नख सरकवलं. ते गेलं.

“नखाएवढा आहे.”

“या गाडीला तेवढाच असतो बाबा.”

“आणि तेल वर येतं का डबीत?”

“येतं. दाखवू का?”

झाकणाचे स्क्रू काढले, एक धड, एक पक्कडीने चावलेला. टॉर्च मी धरला, लिव्हर त्यांनी दाबली, हळू. ज्वारीच्या दाण्याएवढी उकळी आली आणि विरली. बाबांनी लिव्हर सोडली, पुन्हा दाबली, पुन्हा सोडली. आतून आई ओरडली की मखराच्या माळा कुठे ठेवल्यात, तर म्हणाले, थांब गं जरा, आणि परत दाबली.